चेहऱ्याची हजेरी आणि युरोपातले कलम : नागपुरातील एका गटाच्या हरकती-सूचनांचा प्रकरण अभ्यास

प्रकरणाविषयी

जानेवारी ते मार्च २०२५ या काळात नागपुरातील पाच जणांच्या एका गटाने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यावर केंद्र सरकारकडे हरकती व सूचना पाठवल्या. त्या लिहिताना युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण विनियमाचा, म्हणजे जीडीपीआरचा, आधार घेतला होता. परदेशी कायद्यातले काय उचलायचे, काय सोडायचे आणि उचललेले आपल्या कायद्यात कोणत्या जागी बसवायचे, यावर गटात बराच वाद झाला. गटाची टिपणे ठेवण्याचे काम माझ्याकडे होते आणि हे लेखन त्या टिपणांवरून केले आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून क्लास, उपकरण पुरवणारी कंपनी आणि कुटुंब यांची नावे दिलेली नाहीत व काही किरकोळ तपशील बदलले आहेत. कायद्यातले तपशील मात्र आहेत तसेच ठेवले आहेत.

पार्श्वभूमी

वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या शहरातील एका क्लासने जून २०२४ मध्ये नवे सत्र सुरू करताना हजेरीचे रजिस्टर बंद केले आणि जिन्याच्या तोंडाशी चेहरा ओळखणारे उपकरण बसवले. विद्यार्थी समोर उभा राहिला की पडद्यावर हिरवी चौकट येई, एक आवाज होई आणि काही क्षणांत वडिलांच्या मोबाइलवर ‘आपला पाल्य वर्गात पोहोचला आहे’ असा संदेश जाई. संचालकांचा हेतू वाईट नव्हता. एकाची हजेरी दुसऱ्याने लावण्याचे प्रकार वाढले होते, पालक जाब विचारत होते आणि भरलेल्या वर्गात नावे पुकारण्यात प्रत्येक तासाची दहा मिनिटे जात होती.

पहिली कुरबुर झाली ती खासगीपणावरून झालीच नाही. नागपुरात गाडीवरून येणारी मुलगी उन्हात तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळूनच येते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस लागण्याआधी, मुली जिन्यात रांगेत उभ्या राहून स्कार्फ सोडत, घाम पुसत, आणि तरीही उपकरण दोन-तीनदा नकार देई. मागच्यांची घाई आणि उपकरणाचा नकार यांत सापडलेल्या एका विद्यार्थिनीने घरी सांगितले, “बाबा, तिथे रोज माझा फोटो निघतो आणि तो कुठे जातो ते कुणालाच माहीत नाही.” हे प्रकरण त्या वाक्यापासून सुरू झाले.

नोव्हेंबरमध्ये त्या मुलीने क्लास बदलला. तेव्हा तिचे वय सतरा वर्षांचे होते. वडिलांनी जुन्या क्लासकडे एक साधी मागणी केली, की मुलीच्या चेहऱ्याची नोंद काढून टाका आणि तसे लिहून द्या. क्लासने कंपनीचा नंबर दिला. कंपनीने सांगितले की आमचा करार क्लासशी आहे, विद्यार्थ्यांशी नाही. पुढे ओळखीच्या एका वकिलांसमोर बसून वडील म्हणाले, “क्लासवाला म्हणते मशीनवाल्याले विचारा, मशीनवाला म्हणते क्लासवाल्याले विचारा. पोरीचं तोंड नेमकं कोणाकडं हाय, वकीलसाहेब?” आमच्या गटाची पहिली बैठक त्यानंतरच्या आठवड्यात धरमपेठेतील एका घरात झाली. हे वडील, ते वकील, संगणक शिकवणाऱ्या एक शिक्षिका, पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक व्यवस्थापक आणि टिपणे घेणारा मी, असे पाच जण होतो.

त्या वेळची कायद्याची स्थिती

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. त्या पीठावर नागपूरचे शरद बोबडेही होते, ही गोष्ट आमच्या बैठकीत थोड्या अभिमानाने निघाली आणि तेवढ्यावरच राहिली. डेटा संरक्षणाचा कायदा कसा असावा हे सुचवणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. २०१९ चे विधेयक संयुक्त संसदीय समितीकडे गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतले गेले. त्याच्या जागी आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र नियम झालेले नसल्यामुळे आमच्या पहिल्या बैठकीच्या दिवशी त्या अधिनियमातले एकही कलम अमलात आलेले नव्हते. अमलात होते ते माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३-अ आणि त्याखालचे २०११ चे नियम. या जुन्या नियमांत बायोमेट्रिक माहिती संवेदनशील धरलेली आहे आणि ती घेण्यापूर्वी लेखी संमती आवश्यक आहे. कलम ४३-अ खाली नुकसान झालेल्या व्यक्तीला भरपाई मागता येते.

नव्या अधिनियमाने या दोन्ही बाबी सोडून दिल्या आहेत. त्यात ‘संवेदनशील’ असा वेगळा वर्गच नाही. चेहरा आणि ईमेलचा पत्ता कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे आहेत. कलम ४४ लागू होताच ४३-अ वगळले जाणार असून नव्या योजनेत जो दंड होईल, अगदी २५० कोटी रुपयांपर्यंतचा, तो भारताच्या संचित निधीत जमा होणार आहे. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातले काही मिळणार नाही. या दोन गोष्टी आमच्या लक्षात यायला तीन बैठका लागल्या, कारण आम्ही थेट युरोपाकडे धावलो होतो आणि घरातली जुनी कपाटे उघडलीच नव्हती. हा क्रम चुकला.

निर्णयाचा पहिला टप्पा : तक्रार की सूचना

तीन वाटा समोर होत्या. २०११ च्या नियमांच्या आधारे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे अशा प्रकरणांतील न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे, भरपाईचा दावा लावणे ही पहिली. क्लासशी बोलून लेखी समझोता करणे ही दुसरी. तिसरी वाट ३ जानेवारी २०२५ रोजी अचानक उघडली. त्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नव्या अधिनियमाखालील नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला आणि १८ फेब्रुवारीपर्यंत हरकती व सूचना मागवल्या. ही मुदत पुढे ५ मार्चपर्यंत वाढली.

दावा लावण्यास वडिलांचाच नकार होता. मुंबईच्या खेपा, वर्षभराचा खर्च आणि परीक्षेच्या तोंडावर मुलीचे नाव कागदोपत्री येणे, हे त्यांना नको होते. शिवाय ४३-अ खाली नुकसान दाखवावे लागते, आणि चेहऱ्याची नोंद कुणाच्या तरी सर्व्हरवर पडून आहे एवढ्याने रुपयांत मोजण्यासारखे काय नुकसान झाले, याचे उत्तर वकिलांनाही देता आले नाही. क्लासशी बोलणी चालू ठेवावीत आणि त्याच वेळी मसुद्यावर सूचना पाठवाव्यात, असे ठरले. व्यवस्थापकांचे मत वेगळे होते. “दिल्लीला हजार कागद जातात, आपला कोण वाचणार,” असे ते म्हणाले, पण काम त्यांनीच सर्वांत नेटाने केले.

पहिला मसुदा आणि तो का टाकावा लागला

जीडीपीआर २७ एप्रिल २०१६ रोजी मंजूर झाला आणि २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात ९९ कलमे आणि १७३ उपोद्घाती परिच्छेद आहेत. शिक्षिकाबाईंनी तो मन लावून वाचला आणि दोन रकान्यांचा तक्ता केला, डावीकडे युरोपाचे कलम व उजवीकडे आपल्याकडची उणीव. कलम ९ मध्ये ओळख पटवण्यासाठी वापरलेल्या बायोमेट्रिक माहितीवर मूळचीच मनाई आहे आणि अपवाद मोजके आहेत, आपल्याकडे तसे काही नाही. कलम २० आपली माहिती एका संस्थेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क देते, आपल्याकडे तो नाही. कलम २२ यंत्राने परस्पर घेतलेल्या निर्णयाविरुद्ध संरक्षण देते, कलम ८२ भरपाई देते. उजव्या रकान्यात ‘नाही’ हाच शब्द खालपर्यंत उतरत गेला. त्या तक्त्यावरून मी चौदा पानांचे निवेदन लिहिले, आणि ते वाचताना आम्हा सर्वांनाच आपण काही भरीव केले असे वाटले.

हे निवेदन वकिलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अनेक वर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठांना दाखवले. त्यांनी पहिली चार पाने उलटली, चष्मा काढला आणि एकच विचारले, “हे तुम्ही नियमात कोणत्या कलमाखाली बसवणार?”

या प्रश्नाने चौदांपैकी नऊ पाने गेली. नियम हे अधिनियमाच्या पोटातून जन्मतात. कलम ४० ने केंद्र सरकारला ज्या बाबींवर नियम करण्याचा अधिकार दिला आहे, त्यापलीकडे नियम जाऊ शकत नाहीत, आणि गेले तर अधिकारबाह्य ठरतात. संवेदनशील माहितीचा वर्ग, भरपाई, माहिती सोबत नेण्याचा हक्क आणि यांत्रिक निर्णयापासून संरक्षण या सगळ्या गोष्टी अधिनियमातच नव्हत्या. त्या मागायच्या तर संसदेकडे, दुरुस्ती म्हणून मागायला हव्यात. मंत्रालयाने पुढे केलेल्या नियमांच्या मसुद्यावर त्या लिहिणे म्हणजे तलाठ्याच्या खिडकीवर घटनादुरुस्तीचा अर्ज देणे होते. पोर्टलची रचनाही तेच सांगत होती. सूचना नियमनिहाय मागवल्या होत्या, सबंध कायदा कसा असावा हे लिहायला तिथे जागाच नव्हती.

परदेशी कायदा उसना घेताना होणारी सर्वांत सामान्य चूक आम्ही केली होती, असे मला वाटते. आम्ही तिकडच्या आणि इकडच्या मजकुराची तुलना केली. तुलना करायची होती ती जागांची : तिकडची एखादी कल्पना इकडे कोणत्या अधिकाराच्या खुंटीला टांगता येईल आणि ती खुंटी किती वजन पेलेल. जीडीपीआर हा स्वतः मूळ कायदा आहे, आमच्या हातात होता तो मूळ कायद्याखालचा नियम.

दुसरा मसुदा : आकडे नको, प्रश्न घ्या

उरलेली पाच पाने घेऊन आम्ही पुन्हा बसलो. आता प्रत्येक सूचनेसमोर तीन गोष्टी लिहायच्या, असे ठरले : युरोपात ही तरतूद कोणत्या अडचणीतून आली, तीच अडचण आपल्याकडे आहे का, आणि अधिनियमाच्या कोणत्या शब्दांत तिला जागा आहे.

या चाळणीतून काही गोष्टी आपोआप गळल्या. युरोपात १६ वर्षांखालील मुलांसाठी ऑनलाइन सेवांच्या बाबतीत पालकांची संमती लागते आणि सदस्य देशांना हे वय १३ पर्यंत खाली आणता येते. आपल्या कलम ९ ने १८ वर्षांखालच्या सर्वांसाठी पालकांची संमती ठेवली आहे. तिथे आपला कायदा कडक आहे, मग उसने घ्यायचे कशाला? भाषेचेही तसेच. युरोपचे कलम १२ सोप्या व स्पष्ट भाषेचा आग्रह धरते. आपला अधिनियम संमती घेताना द्यायचे सूचनापत्र इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देतो. मराठी वाचकाला यातले अधिक उपयोगाचे कोणते, हे वेगळे सांगायला नको. माहिती फुटल्याची वर्दी ७२ तासांत देण्याचा युरोपीय दंडक मसुद्यात डेटा संरक्षण मंडळापुरता, म्हणजे दंड ठरवणाऱ्या नव्या यंत्रणेपुरता, आधीच आला होता. फरक एवढाच, की तिकडे धोका संभवत नसेल तर वर्दीतून सूट मिळते, आणि आपल्याकडे प्रत्येक घटनेची वर्दी मंडळाला व प्रत्येक बाधित व्यक्तीला द्यायची आहे. व्यवस्थापकांना लहान पतसंस्थांसाठी अशी सूट हवी होती, पण कलम ८ चे शब्दच सरसकट आहेत, त्यामुळे तीही सूचना वगळली. त्यावर ते दोन दिवस बोलले नाहीत.

स्वीडनचे प्रकरण

आमच्या मूळ प्रश्नाच्या सर्वांत जवळचे उदाहरण शिक्षिकाबाईंना स्वीडनमध्ये सापडले. शेलेफ्टेओ नगरपालिकेच्या एका शाळेने २०१८ मध्ये २२ विद्यार्थ्यांची हजेरी तीन आठवडे चेहरा ओळखून घेतली होती. शाळेने संमतीही घेतली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वीडनच्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने नगरपालिकेला दोन लाख क्रोनरचा दंड केला. त्यामागची दोन कारणे आमच्या दृष्टीने महत्त्वाची होती. विद्यार्थी शाळेवर अवलंबून असतो, त्यामुळे त्याची संमती खऱ्या अर्थाने मोकळी मानता येत नाही. आणि हजेरी घेण्याचे कमी घुसखोर मार्ग उपलब्ध असताना चेहऱ्याची गरजच नव्हती. फ्रान्समध्येही नीस व मार्सेय येथील दोन शाळांच्या दारांवर अशी यंत्रे बसवण्याचा प्रादेशिक परिषदेचा निर्णय मार्सेयच्या प्रशासकीय न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये रद्द केला.

आता आपल्याकडे पाहा. मसुद्याच्या चौथ्या अनुसूचीत शैक्षणिक संस्थांना सवलत होती. शैक्षणिक कामासाठी किंवा मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुलांवर नजर ठेवायची असेल, तर पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आणि नजर ठेवण्यावरील मनाई, दोन्ही त्यांना लागू नव्हत्या. शैक्षणिक संस्थेची व्याख्या ‘शिक्षण देणारी संस्था’ इतकी रुंद होती, की त्यात क्लास बसत नाही असे म्हणणे अवघड होते. म्हणजे ज्या जागी स्वीडनने दंड केला, नेमकी तीच जागा आपल्या मसुद्याने मोकळी सोडली होती.

खुंटीही इथेच सापडली. कलम ९ चे पोटकलम ४ ही सवलत ‘विहित करण्यात येतील अशा शर्तींच्या अधीन’ देते. शर्ती घालण्याचा अधिकार नियमकर्त्याला अधिनियमानेच दिलेला आहे. मग ‘गरज आहे का आणि कमी घुसखोर मार्ग आहे का’ हा स्वीडनचा प्रश्न शर्त म्हणून त्या अनुसूचीत घालता येतो, त्यासाठी अधिनियमाला हात लावावा लागत नाही. त्याला देशी आधारही होता. पुट्टस्वामी निकालाने प्रमाणबद्धतेची, म्हणजे हेतूला लागेल त्याहून जास्त घुसखोरी नको अशी, कसोटी सांगितली आहे आणि कलम ६ म्हणते की संमती ही सांगितलेल्या उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. वकिलांनी स्वीडनचे नाव सूचनेच्या मजकुरातून काढून खालच्या स्पष्टीकरणात टाकले आणि वर पुट्टस्वामी व कलम ६ ठेवले. मला हे आधी पटले नव्हते, कारण सगळा शोध स्वीडनमुळे लागला होता. त्यांचे म्हणणे असे, की मंत्रालयातला अधिकारी ‘युरोपात असे आहे’ हे वाक्य दिवसातून शंभर वेळा वाचत असेल, ‘तुमच्याच कलमात असे आहे’ हे क्वचित.

अंतिम सूचना तीन राहिल्या. शैक्षणिक संस्थांच्या सवलतीत चेहरा व बोटांचे ठसे येऊ नयेत, आणि येणारच असतील तर दुसरा मार्ग का चालत नाही याची लेखी नोंद संस्थेने ठेवावी, ही पहिली. माहिती काढून टाकण्याच्या मागणीला व तक्रारीला उत्तर देण्याची कमाल मुदत नियमातच लिहावी, ही दुसरी. मसुद्याने ती मुदत ठरवणे संस्थेवर सोडले होते. युरोपात मागणीला एक महिना आणि अवघड प्रकरणात आणखी दोन महिने अशी मर्यादा आहे. बालपणी घेतलेली माहिती १८ वर्षे पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीच्या एका अर्जावर निघावी, ही तिसरी. बालपणी दिलेल्या संमतीचा विचार जीडीपीआरच्या उपोद्घातात आहे. आपल्याकडे मात्र मूल सज्ञान होताच बालकांसाठीचे संरक्षण संपते आणि घेतलेला चेहरा तिथेच राहतो. तिसरी सूचना कोणत्या खुंटीला टांगायची यावर शेवटपर्यंत एकमत झाले नाही, तरी ती पाठवली.

क्लासशी झालेली बोलणी

इकडे संचालकांशी तीन भेटी झाल्या. पहिली भेट वाया गेली, कारण आम्ही कायदा मोठ्याने वाचून दाखवला आणि त्यांनी, बरोबरच, विचारले की हा कायदा चालू कधी झाला. दुसऱ्या भेटीत शिक्षिकाबाईंनी कायदा बाजूला ठेवून कंपनीशी झालेला करार मागितला. तो दीड पानांचा निघाला. उपकरणाची हमी, दुरुस्तीचा खर्च आणि पैसे कधी द्यायचे हे त्यात तपशिलाने होते. चेहऱ्यांच्या नोंदी कुठे ठेवल्या जातात, कोण पाहू शकतो आणि करार संपल्यावर त्यांचे काय होते, यावर एक ओळही नव्हती. संचालक स्वतः तो करार दोनदा वाचून गप्प झाले.

इथे मात्र जीडीपीआर थेट उपयोगी पडला. कलम २८ मध्ये दुसऱ्यासाठी माहिती हाताळणाऱ्याशी करार करताना काय काय लिहावे, याची जवळजवळ तयार यादीच आहे. आपले कलम ८ फक्त ‘वैध करार’ असावा एवढे म्हणते. खासगी करारात काय लिहायचे याला अधिकारबाह्यतेचा प्रश्न येत नाही, त्यामुळे ती यादी मराठीत करून आम्ही पुरवणी कराराचा मसुदा दिला : कंपनीने क्लासच्या लेखी सांगण्याबाहेर नोंदी वापरू नयेत, पुढे कुणाला काम द्यायचे तर आधी विचारावे, करार संपल्यावर नोंदी काढून तसे लिहून द्यावे. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक इंग्रजीत असलेली संमतीची ओळ काढून मराठी व हिंदीत वेगळे पान करायचे ठरले, ज्यावर ‘चेहऱ्याऐवजी कार्डाने हजेरी हवी’ असा चौकोन असेल आणि त्यावर खूण केल्यास प्रवेशावर काही परिणाम होणार नाही. पुढच्या सत्रात बहुतेक पालकांनी त्याच चौकोनात खूण केली, असे संचालकांनी नंतर सांगितले. उपकरण आजही जिन्यात आहे, पण त्याच्या शेजारी कार्डाचे यंत्र लागले आहे आणि स्कार्फची रांग मोडली आहे.

वेगळे काय करता आले असते

सहा आठवड्यांपैकी साडेतीन आठवडे पहिल्या निवेदनात गेले. कलम ४० पहिल्या दिवशी वाचले असते तर तो वेळ वाचला असता. टाकलेली नऊ पाने मात्र फुकट जायला नको होती. ती अधिनियमाच्या दुरुस्तीची मागणी म्हणून खासदारांकडे किंवा संसदीय समितीकडे वेगळी पाठवता आली असती, पण आम्ही ती फाइलमध्ये ठेवली आणि विसरलो. २०११ च्या नियमांचा मुद्दाही हातचा गेला. बायोमेट्रिक माहिती संवेदनशील आहे असे भारत सरकारने एकदा मान्य केलेलेच आहे, हे वाक्य पहिल्या सूचनेत असायला हवे होते. ते युरोपच्या दहा कलमांपेक्षा वजनदार ठरले असते.

मुलीला आम्ही एकाही बैठकीला बोलावले नाही, हेही नोंदवतो. परीक्षा होती हे खरे, पण चेहरा तिचा होता आणि बोलत होते ते पाच प्रौढ.

निष्पत्ती

नियम १३ नोव्हेंबर २०२५ रोजी अधिसूचित झाले. दिल्ली, मुंबई, गुवाहाटी, कोलकाता, हैदराबाद, बेंगळुरू व चेन्नई येथे चर्चा झाल्याचे आणि एकूण ६,९१५ सूचना आल्याचे सरकारने सांगितले. त्यांतल्या तीन आमच्या. सूचना मंत्रालय गोपनीय ठेवणार असल्याने कोणाच्या म्हणण्याने काय बदलले हे कळण्याचा मार्ग नाही, आणि आमच्यामुळे काही बदलले असा दावा कुणी करू नये.

शैक्षणिक संस्थांची सवलत जशी होती तशीच राहिली. तक्रारीला उत्तर देण्याची कमाल मुदत ९० दिवस अशी नियम १४ मध्ये आली, म्हणजे युरोपातील एक अधिक दोन महिन्यांच्या जवळपास. माहिती काढून टाकण्याच्या मागणीसाठी मात्र अशी वेगळी मुदत नाही. सज्ञान झाल्यावरच्या अर्जाबद्दल काहीच नाही. उलट मसुद्यात नसलेली एक तरतूद अंतिम नियमांत आली : वैयक्तिक माहिती व तिच्या हाताळणीच्या नोंदी त्याच नियमांच्या सातव्या अनुसूचीतील सरकारी कारणांसाठी किमान एक वर्ष जपून ठेवायच्या. फोन व इंटरनेट वापराच्या नोंदींची सरसकट साठवण बंधनकारक करणारा युरोपीय निर्देश तिथल्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी रद्द केला होता. तिकडून शिकण्यासारखे ते एक उदाहरण आमच्याही तक्त्यात नव्हते.

संस्थांवरील बहुतेक बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील, आणि तोवर कलम ४३-अ जिवंत आहे. वडिलांना कंपनीचे पत्र मिळाले आहे. त्यात लिहिले आहे की संबंधित विद्यार्थिनीची नोंद ‘आमच्या सक्रिय प्रणालीतून’ काढण्यात आली आहे. ‘सक्रिय’ या शब्दाखाली शिक्षिकाबाईंनी पेन्सिलने रेघ ओढून राखीव प्रतींचे काय, असे समासात लिहिले. मुलगी आता अठरा वर्षांची झाली आहे, त्यामुळे तो प्रश्न विचारणारे पुढचे पत्र तिने स्वतःच्या सहीने पाठवले. उत्तर अजून आलेले नाही.